पाठकोरी कव्हरं

बाईंची कादंबरी आमच्याकडे छापायला आली तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. साताऱ्यात आमचा लहानसा छापखाना होता. सासऱ्यांनी काढलेला आणि ते गेल्यावर माझे यजमान चालवीत असलेला. लग्नपत्रिका, कोर्टाच्या नोटिसा, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जत्रेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, असली कामं. पुस्तक कधीमधी येई, तेही एखाद्या वैद्याचं औषधांचं. कादंबरी कधी आली नव्हती.

बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवीत. चाळिशीच्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं, दोन खोल्यांत एकट्या राहत. सगळं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणे, म्हणून मीही इथं तेच म्हणते. त्या सहा वह्या घेऊन आल्या. अक्षर असं, की खाडाखोड शोधून सापडू नये. पुण्याच्या दोन प्रकाशकांनी वह्या परत पाठवल्या होत्या. एकाने कळवलं होतं की लेखन चांगलं आहे, पण यात प्रेमप्रकरण नाही. शेवटी बाईंनी कागद आपल्या पैशाने आणून दिला आणि छपाई आम्ही करायची ठरली. विक्रीतून आमचं आम्ही घ्यावं.

गोष्ट साधी होती. माण तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई. नवरा पलटणीत, पहिल्या लढाईत समुद्रापार गेलेला. त्याची पत्रं येतात, ती गावातला एक शिकलेला माणूस तिला वाचून दाखवतो. नवरा परत येत नाही. पुढे तिशी उलटल्यावर ती अक्षर शिकते, ट्रंकेतली पत्रं काढून स्वतः वाचते, आणि तिला कळतं की पत्रांत होतं एक आणि तिला ऐकवलं गेलं होतं दुसरंच.

आमचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे चाचा सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. कादंबरी जुळवताना ते मधेच हात थांबवून बसायचे. एकदा मला म्हणाले, “वैनी, माझा थोरला भाऊबी पलटणीत, बसऱ्याला हुता. आईला त्याची पत्रं मीच वाचून दावायचो. दोन डाव खोटं वाचलंय मी. ह्या बाईला कसं कळलं वो?”

एक हजार प्रती छापल्या. पण सगळ्या एकदम बांधायची ऐपत कुणाची? त्या काळी पुस्तकं थोडी थोडी बांधत. दोनशे बांधल्या. त्यातल्या पहिल्या पन्नास तर कडा न कापताच बांधल्या, कारण कटिंग मशीनचं पातं धार लावायला पुण्याला गेलं होतं आणि बाईंना पुस्तक दसऱ्याला हवं होतं. अशा प्रतीत वाचणाऱ्यानेच सुरीने पानं फाडत जायचं. उरलेल्या आठशे प्रतींचे छापील कागद, म्हणजे फर्मे, सुतळीने बांधून मागच्या खोलीत रचले. त्यांची कव्हरं वेगळी ठेवली. निळसर जाड कागद, एका बाजूला कादंबरीचं आणि बाईंचं नाव, दुसरी बाजू कोरी.

दोनशेतल्या दीडशे-पावणेदोनशे प्रती दोन वर्षांत गेल्या. काही वाचनालयांनी घेतल्या, काही शाळांनी. बाईंनी बऱ्याच भेट दिल्या. वाचलेली माणसं भरभरून बोलत, पण अशी माणसं थोडी. बाई त्याबद्दल कधी कुरकुरल्या नाहीत. दर महिन्याला एकदा येत, मागच्या खोलीत डोकावत आणि म्हणत, “आहेत ना गं सगळे सुखरूप?” जशी काही पोरं निजवली आहेत.

मग बेचाळीसचा ऑगस्ट आला. यजमान मोर्च्यात गेले ते घरी आलेच नाहीत, थेट तुरुंगात. छापखाना माझ्या अंगावर पडला. चाचांनी मला खिळे जुळवायला शिकवलं. हाताला शाईचा वास कायमचा लागला. लढाईमुळे कागदावर नियंत्रण आलं होतं. सरकार ठरवून देईल तेवढाच कागद मिळायचा, आणि तो कशाला वापरला ते तपासायला माणूस यायचा. कोरा दस्ता ही सोन्यासारखी वस्तू झाली होती. नवीन पुस्तक छापणं सोडाच, शाळांना उत्तरपत्रिका मिळेनात.

त्रेचाळीस सालातल्या एका दुपारी मागच्या बोळात बैलगाडी थांबली. गाडीवान आत आला. कोरेगावकडचा होता, घरचा ऊस, पलटणीतून नाव कमी करून आलेला. तो चळवळीत आहे हे मला यजमानांच्या बोलण्यातून माहीत होतं. भूमिगत मंडळींची पत्रकं तेव्हा रातोरात भिंतींवर लागत.

“वैनी,” तो म्हणाला, “आमास्नी छापून नगं. तुमाला तरास न्हाई. मशीन हाय आमच्याकडं, उसात लपवून ठिवलंय. पर कागुद न्हाई.”

“कागद आमच्याकडे तरी कुठं आहे? आहे तो मोजलेला. एक ताव कमी झाला तर मी काय सांगू?”

“पाठकोरा असला तरी चालंल.”

पाठकोरा म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर ती निळी कव्हरं आली. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. त्याने एक कव्हर उचललं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाला, “झ्याक हाय.”

चाचा मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, “वैनी, थांबा वाईच. मशीनवर टाकून नावाचा अर्धा भाग कापून काढू. दहा मिनिटांचं काम हाय.”

“मोठा कागुद बरा व्हतो भितीला,” गाडीवान म्हणाला. पण तो काही हटून बसला नव्हता. कापून दिला असता तरी त्याने नेला असता.

मी म्हणाले, “राहू द्या चाचा. वेळ नाही.”

वेळ होता. बोळात कुणी नव्हतं. पोलीस चौकात होता, तो चहा पीत होता, हे मी स्वतः खिडकीतून पाहिलं होतं. मग मी असं का म्हणाले? याचं उत्तर मी पुष्कळ वर्षं निरनिराळं दिलं आहे. खरं उत्तर हे, की यजमान तुरुंगात होते, शेजारपाजारच्या बायका त्यांचं नाव घेऊन माझ्याकडे आदराने बघत होत्या, आणि आता माझ्या हातून काही घडण्याची वेळ आली होती. त्या माणसापुढे मला कचरल्यासारखं दिसायचं नव्हतं. कव्हरं गाडीत गेली, वर कडबा पडला, गाडी निघून गेली. चाचा मागे फिरले. आपल्या जागेवर जाऊन खिळे जुळवायला लागले.

तीन आठवड्यांनी बाईंच्या शाळेत पोलीस आले. घडलं होतं ते असं. एका चावडीच्या भिंतीवरचं पत्रक काढताना चिकटवायची खळ कच्ची होती म्हणून ते फाटलं नाही, अख्खं सुटून आलं. हवालदाराने ते उलटं केलं. मागे कादंबरीचं नाव आणि खाली बाईंचं.

मला हे संध्याकाळी कळलं. बाईंना कचेरीत नेलं होतं. मी घरात बसून राहिले.  उठून जावं आणि सांगावं, कव्हरं माझ्याकडे होती, मी दिली, असं दहादा मनात आलं. दहादा मी पदर सावरला आणि पुन्हा बसले. मग बातमी आली की बाईंनी जबाब दिला आहे. ‘छापखान्यात जागा नव्हती म्हणून कव्हरं माझ्या घरी होती, घर झाडताना मी ती रद्दीवाल्याला विकली, रद्दीवाला कोण ते आठवत नाही.’

दुसऱ्या दिवशी पोलीस आमच्याकडे आले. अंमलदाराने विचारलं, “या पुस्तकाची कव्हरं कुठं होती?”

मी म्हणाले, “बाईंकडे.”

एवढा एकच शब्द मी बोलले. त्याने मागची खोली उघडायला लावली आणि आठशे प्रतींचे फर्मे दोन गाड्यांत भरून नेले. कपाटातल्या बांधलेल्या वीस-पंचवीस प्रतीही नेल्या. पुस्तकावर बंदी नव्हती. त्यात सरकारविरुद्ध एक अक्षर नव्हतं. पण पुरावा म्हणून नेलं ते नेलं. पुढे चाचा दोनदा कचेरीत जाऊन विचारून आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मागच्या अंगणात जाऊन पाहिलं. परतीच्या पावसात गठ्ठे उघड्यावर भिजले होते. “लगदा झालाय वैनी,” ते म्हणाले. “वरचं ताव उचलाय गेलो तर हातात नुसता चिखुल आला.”

बाईंना शिक्षा झाली नाही. पण शाळेच्या मंडळींनी त्यांना बोलावून सांगितलं की अनुदानाचा प्रश्न आहे, आपण होऊन राजीनामा द्यावा. बाईंनी दिला. त्या सांगलीला भावाकडे गेल्या. जाण्याआधी त्यांच्या घराचीही झडती झाली होती, त्यात त्यांच्या सहा वह्या आणि स्वतःजवळची प्रत गेली. मी त्यांना निरोप द्यायला गेले नाही. त्या दिवशी मला ताप आहे असं मी घरात सांगितलं होतं.

चव्वेचाळीसच्या अखेरीस यजमान सुटून आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “चळवळीच्या कामी आला कागद. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? बाई समजूतदार आहेत.” ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. स्वातंत्र्य आल्यावर गावात सत्कार झाले, त्यात त्यांच्याबरोबर मलाही व्यासपीठावर बसवलं. “वहिनींनी जीव धोक्यात घालून कागद पुरवला,” असं बोलणाऱ्याने सांगितलं. टाळ्या झाल्या. कागद कसला होता ते कुणी विचारलं नाही. माझ्या हातात नारळ होता आणि तो मला धरवत नव्हता.

माझं माहेर सांगलीचं. वर्षातून दोनदा मी तिथं जाई. बाईंच्या भावाचं घर माझ्या आईच्या घरापासून चालत पाव तासावर होतं. सहा वर्षांत मी त्या रस्त्याने गेले नाही. भाजीला जाताना लांबचा फेरा घेई.

एकोणपन्नास साली सांगलीच्या एका प्राध्यापकांचं पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं. त्यांनी बाईंची कादंबरी कुणाकडून तरी मिळवून वाचली होती आणि एका मासिकात तिच्यावर मोठा लेख लिहिला होता. तो लेख आल्यापासून लोक पुस्तक शोधत होते आणि ते कुठंच नव्हतं. दीड रुपयाच्या पुस्तकाला पंचवीस रुपये देऊन एकाने प्रत घेतल्याचं त्यांनी लिहिलं होतं. आपल्याकडे काही प्रती उरल्या आहेत का? निदान एक अखंड प्रत मिळाली तरी पुन्हा छापण्याची खटपट करता येईल. लेखिकेला भेटलो, त्यांच्याजवळ एकही प्रत नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘इतकं चांगलं पुस्तक इतक्या लवकर कसं संपलं याचं नवल वाटतं.’

ते वाक्य वाचून मी पत्र उलटं ठेवलं. लोकांना वाटतं पुस्तक खपून संपलं. हे पुस्तक खपलंच नव्हतं. जे दीडशे-पावणेदोनशे लोकांकडे पोहोचलं तेवढंच जगात उरलं होतं, आणि त्याची किंमत वाढली होती ती मी केलेल्या कामामुळे.

मी यजमानांना सांगितलं, “अखंड प्रत मी शोधणार.” त्यांनी अडवलं नाही.

पहिल्यांदा साताऱ्याच्याच एका वाचनालयात गेले. नोंदवहीत नाव होतं, फळीवर पुस्तक नव्हतं. लेख छापून आल्यावर महिन्याभरात कुणीतरी नेलं ते परत आलं नव्हतं. कोरेगावला एका वकिलांकडे प्रत असल्याचं मला आठवत होतं. त्यांच्या घराच्या जागी काळ्या भिंती उभ्या होत्या. अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत ते घर गेलं होतं आणि वकील मुलाकडे पुण्याला गेले होते. शेजारच्या म्हातारीने मला पाणी दिलं. “पुस्तकं लय हुती त्यांची,” ती म्हणाली. “दोन दिस धुमसत हुती.” मी आणखी काही विचारलं नाही.

म्हसवडला एक मास्तर होते. त्यांच्याकडे प्रत मिळाली. घरोघरी फिरून फिरून तिची लक्तरं झाली होती. मास्तरांनी ती मला आनंदाने दिली, पैशाला हात लावला नाही. “पण शेवट न्हाई तिला,” ते म्हणाले. “कुणाच्या तरी पोरानं फाडला. मी लोकांस्नी शेवट तोंडानं सांगतो.” शेवटचा अख्खा फर्मा नव्हता, सोळा पानं. मी त्यांना म्हणाले, मलाही सांगा. त्यांनी सांगितला, पण तो त्यांचा झाला होता, बाईंचा राहिला नव्हता. त्यांच्या शेवटात नवरा परत येत होता.

अखंड प्रत एकच कळली होती. ती पंचवीस रुपयांची. घेणारे सांगलीतले हळदीचे व्यापारी होते. प्राध्यापकांनी आधीच त्यांच्याकडे खेटे घातले होते. मी माझ्या भावाला घेऊन गेले. माणूस अतिशय सभ्य होता. चहा आला, केळी आली. मग त्यांनी काचेचं कपाट दाखवलं. आत जुनी घड्याळं, दौती, राजेमहाराजांचे फोटो आणि दोन फळ्या पुस्तकं. त्यात बाईंची निळी कादंबरी, नुकतीच बांधल्यासारखी.

मी म्हणाले, “चार दिवसांसाठी द्या. आम्ही खिळे जुळवून परत आणून देऊ. पानाला डाग पडणार नाही. आमचाच छापखाना आहे, हे पुस्तक आम्हीच छापलंय.”

ते हसले. “ताई, तुम्ही पुन्हा छापलंत तर माझ्या प्रतीला काय उरलं? दीड रुपयाला बाजारात मिळायला लागेल. मग मी पंचवीस कशाला घातले?”

“पण लोकांना वाचायला मिळेल.”

“वाचायला पुष्कळ पुस्तकं आहेत,” ते म्हणाले. त्यात कुचेष्टा नव्हती. त्यांना ते खरंच वाटत होतं.

मग मी म्हणाले, “इथंच बसून शेवटची सोळा पानं उतरून घेऊ द्या. पुस्तक घराबाहेर जाणार नाही.”  शेवटी ‘लेखिकेसाठी’ म्हणून त्यांनी होकार दिला आणि कपाट उघडलं.

पुस्तक हातात घेतलं आणि माझ्या लक्षात आलं की ही त्या पहिल्या पन्नासांतली प्रत आहे. कडा न कापलेली. पानं फाडलेलीच नव्हती. म्हणजे ती कुणीच वाचली नव्हती. ज्याने आधी घेतली त्याने नाही, आणि यांनीही नाही. मी सुरी मागितली.

“छे छे,” ते दचकून म्हणाले, “तेच तर तिचं मोल आहे. पानं फाडायची नाहीत.”

निम्मी पानं सरळ उघडत होती. उरलेली घडीच्या पोटात होती. मी खुर्ची खिडकीशी ओढली, पुस्तक डोळ्यांजवळ धरलं, खालच्या बाजूने घडी बोटाने हलकेच फुगवली आणि आत बघून एकेक ओळ वाचू लागले. वाचायची, लक्षात ठेवायची, पुस्तक खाली ठेवायचं, लिहायची, पुन्हा उचलायचं. ते शेजारी उभे होते. “जपून हं,” दर थोड्या वेळाने म्हणत. मान दुखायला लागली. डोळ्यांना पाणी यायला लागलं. भाऊ कंटाळून बाहेर जाऊन बसला. दिवेलागण होईपर्यंत मी बसले. घडीच्या अगदी मुळाशी, वरच्या टोकाच्या ओळी काही केल्या दिसल्या नाहीत. तिथं मी वहीत रेघा ओढून जागा सोडल्या.

तो शेवट मी नऊ वर्षांपूर्वी प्रुफांत वाचला होता, पण तेव्हा नुसत्या चुका शोधत होते. त्या दिवशी खरा वाचला. ती बाई पत्रं वाचून दाखवणाऱ्या माणसाकडे जाते. तो आता म्हातारा झाला आहे, डोळे गेले आहेत. ती एक पत्र त्याच्या हातात देते आणि म्हणते, दादा, एवढं वाचून दाखवा. तो कागद बोटांनी चाचपतो आणि बारा वर्षांपूर्वी ऐकवलेला सगळा खोटा मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवतो, कुठं अडखळत नाही. ती शेवटपर्यंत ऐकते. मला वाचता येतं, हे त्याला सांगत नाही. पत्र घेते आणि घरी जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेले. सहा वर्षं टाळलेल्या रस्त्याने. पडवीत पाच-सहा मुली शिकवणीला बसल्या होत्या. बाईंचे केस पांढरे झाले होते. मला बघून त्या म्हणाल्या, “ये. यांचं एवढं शुद्धलेखन होऊ दे.” मी जोत्यावर बसून राहिले. मुली गेल्यावर मी म्हसवडची फाटकी प्रत आणि माझी वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. रेघा ओढल्या होत्या तिथं थांबल्या. पेन्सिल मागितली. दोन-तीन जागा चटकन भरल्या. एका जागेवर पेन्सिल तशीच राहिली.

“इथं काय होतं, आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “चांगलं होतं, एवढंच आठवतं.”

मग मला राहवलं नाही. “बाई, ती कव्हरं मी दिली होती.”

“माहीत आहे. कव्हरं तुमच्याच खोलीत होती ना? दर महिन्याला बघत होते मी.”

“तुम्ही पोलिसांना सांगितलंत…”

“मग काय सांगणार? तुझे यजमान आत. तुला नेलं असतं तर छापखान्याला कुलूप लागलं असतं. चाचांनी काय खाल्लं असतं?” त्यांनी वही मिटून ठेवली. “नोकरीचं मला फारसं काही वाटलं नाही. वाटलं, पण ते गेलं. राग आला तो एकाच गोष्टीचा. तू मला विचारलं का नाहीस? मी नको म्हटलं असतं असं वाटलं तुला?”

“नाही.”

“मग? मी कात्री घेऊन आले असते गं. आपण दोघींनी बसून नाव कापलं असतं.”

मी म्हणाले, “बाई, खरं सांगू? तुम्हाला विचारायचं असतं हे माझ्या मनातच आलं नाही. चाचांनी नाव कापू म्हटलं, तरी ते कुणाचं नाव आहे इकडे माझं लक्षच गेलं नाही. मला फक्त कोरी बाजू दिसली.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “हे खरं बोललीस.” आणि चहा टाकायला आत गेल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही ते मागितलं नाही. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी ती राहिलेली जागा नव्याने लिहून दिली. चार ओळी. वाचून स्वतःच म्हणाल्या, “ह्या त्या नव्हेत.”

प्राध्यापकांची पुण्याच्या प्रकाशकांकडची खटपट कागदाच्या टंचाईवर अडली. मग आम्हीच छापायचं ठरवलं. तीनशे प्रती, मिळेल त्या करड्या कागदावर. चाचांना आता बारीक दिसत नव्हतं, तरी पहिला फर्मा त्यांनीच जुळवला. मला पुस्तकाच्या सुरुवातीला कव्हरांची सगळी हकिकत छापायची होती. बाईंनी साफ नकार दिला. “माझ्या कादंबरीच्या दारात माझी रडकथा नको,” असं त्यांनी कळवलं.

पुस्तक निघालं. प्राध्यापकांनी दोन प्रती घेतल्या. वाचनालयांनी मिळून दहा-पंधरा. आणि मग मागणी थांबली. जी माणसं वर्षभर पत्रांवर पत्रं लिहून पुस्तक मागत होती, त्यांना मी कार्डं टाकली. निम्म्यांची उत्तरंही आली नाहीत. मिळत नव्हतं तोवर ते सगळ्यांना हवं होतं. दीड रुपयाला मिळायला लागल्यावर कुणालाच घाई उरली नाही. हळदीच्या व्यापाऱ्यांना मी एक प्रत भेट पाठवली होती. त्यांनी आभाराचं पत्र लिहिलं. त्यांची भीती उगाच होती, त्यांची प्रत ‘पहिली आवृत्ती’ म्हणून आणखी महाग झाली होती. त्यांना तिच्यासाठी चाळीस रुपये देणारा भेटला होता.

पुढच्या वर्षी पुण्याचा एक जुन्या पुस्तकांचा विक्रेता आला. म्हणाला, “उरलेल्या सगळ्या मला द्या. मी बाजारातून पुस्तक पुन्हा गायब करतो. पाच वर्षं दाबून ठेवू, मग एक एक प्रत काढू. तुम्हालाही चार पैसे, लेखिकेलाही.” मला त्याचा संताप आला, पण बाईंना न विचारता त्याला घालवायचा अधिकार मला नव्हता. मी पत्र लिहिलं. त्यांचं कार्ड आलं, दोन ओळींचं. ‘तुला योग्य वाटेल ते कर. मला आता त्या पुस्तकाचा कंटाळा आला आहे.’

कंटाळा हा शब्द मला लागला. मी विक्रेत्याला नाही म्हणून सांगितलं आणि गठ्ठे सोडून प्रती माण आणि कोरेगाव तालुक्यांतल्या शाळांना पाठवून दिल्या. म्हसवडच्या मास्तरांना दहा गेल्या. त्यांनी कळवलं, शेवट वाचून लोक नाराज आहेत, तोंडी होता तोच बरा होता म्हणतात.

बाईंनी दुसरी कादंबरी लिहिली नाही. सहा वह्यांनंतर सातवी त्यांनी घेतलीच नाही. ते माझ्यामुळे, की त्यांना एवढंच सांगायचं होतं, हे मला ठरवता आलेलं नाही. यजमान म्हणत, तू सगळं आपल्यावर ओढून घेतेस. असेल.

मी सांगलीला गेले की परत निघायच्या दिवशी त्यांच्याकडे जाई, त्या असेतोवर. पडवीत मुली असत. बाई मला बसायला सांगत, शिकवणी संपवत, मग चाचांच्या डोळ्यांचं कसं आहे ते विचारत, माझ्या आईची चौकशी करत. पुस्तकाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. ऊन उतरलं की मी उठे. त्या दारापर्यंत येत आणि म्हणत, “गाडी वेळेवर गाठ हं, पुढची रात्रीची आहे.” आणि मी स्टेशनाकडे चालू लागे.